पाकिटामागची बारीक अक्षरं

फास्ट फूडचा विषय निघाला की डोळ्यांपुढे ठरलेलं चित्र येतं: बर्गर, पिझ्झा, बर्फ घातलेलं कोल्ड्रिंक, आणि या सगळ्यावर मारलेली लाल फुली. ती फुली चुकीची नाही. पण आपल्याकडच्या सर्वसाधारण घरात पिझ्झा येतो महिन्यातून एकदा, फार तर दोनदा. बिस्किटं मात्र रोज दोन्ही वेळच्या चहाला असतात. खारी, टोस्ट, नूडल्स, सॉस, पोरांच्या दुधात घालायची चॉकलेटी पावडर, ‘मल्टिग्रेन’ लिहिलेल्या चिप्स, पाहुण्यांसाठी आणून शेवटी घरच्यांनीच संपवलेला ज्यूसचा खोका, हे सगळं किराण्याच्या यादीतून, तांदूळ-डाळीच्या मांडीला मांडी लावून घरात येतं. त्याला आपण फास्ट फूड म्हणत नाही. माझ्या मते आधी हिशेब घ्यायचा तो याचाच. कोपऱ्यावरच्या गाडीकडे नंतर बघू. आधी स्वयंपाकघरातलं कपाट उघडा.

वडापावची बाजू घेतल्याशिवाय मात्र पुढे जाता येत नाही. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर जन्मलेला हा पदार्थ गिरणी कामगारांचं पोट भरत मोठा झाला. आत उकडलेला बटाटा, लसूण-मिरची, बाहेर डाळीचं पीठ, सोबत शेंगदाणा-लसणाची चटणी. ही सगळी नावं तुमच्या-आमच्या डब्यांतली आहेत. त्यातले दोष दोन: पाव मैद्याचा आणि तेल पुन:पुन्हा तापवलेलं. आठवड्यातून एकदा, ताज्या तेलातला वडापाव धडधाकट माणसानं खाल्ला तर आभाळ कोसळत नाही. रोजच्या जेवणाची जागा त्यानं घेतली, की मग गोष्ट वेगळी.

तेलाचं सांगायला हवं. तळणीचं तेल तापत राहिलं की त्यात ‘पोलर’ संयुगं साठतात. ती एकूण तेलाच्या २५ टक्क्यांवर गेली की ते तेल खाण्यासाठी वापरायचं नाही, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम जुलै २०१८ पासून लागू आहे. गाडीवर तुम्ही काही मोजायला जाणार नाही, पण डोळे आणि नाक पुरेसे आहेत. तेल काळपट झालं आहे, वडा सोडताच वर फेस राहतो, मंद आचेवरही धूर येतो, पदार्थ खाल्ल्यावर टाळूला चिकट थर बसतो, अशी गाडी बदला. आणि वडा छापील कागदात बांधून देत असतील तर घरून डबा न्या. वर्तमानपत्राची शाई गरम तेलकट पदार्थात उतरते, म्हणून अशा कागदात खाद्यपदार्थ देऊ नयेत असं प्राधिकरणानं वारंवार बजावलं आहे.

चार कप्पे

ब्राझीलमधल्या साओ पाउलो विद्यापीठातले प्राध्यापक कार्लोस मॉन्तेइरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ पासून अन्नाची एक वेगळी विभागणी मांडली. ‘नोव्हा’ नावानं ती ओळखली जाते. पदार्थात किती उष्मांक आहेत यापेक्षा त्यावर किती आणि कशासाठी प्रक्रिया झाली, हे ती विचारते. पहिल्या कप्प्यात ज्वारी, मटकी, दूध, अंडी, भाजी, फळं. दुसऱ्यात तेल, तूप, साखर, मीठ, म्हणजे स्वयंपाकाला लागणारी पण नुसती न खाण्याची चीजवस्तू. तिसऱ्यात या दोन्हींपासून केलेलं लोणचं, खारे शेंगदाणे, साधं चीज, बेकरीतला साधा पाव. चौथा कप्पा अतिप्रक्रिया केलेल्या अन्नाचा: कारखान्यात धान्याचं आधी स्टार्च, सिरप, वेगळी काढलेली प्रथिनं असं विघटन करायचं, मग त्यात रंग, वास, चव, घट्टपणा आणणारी द्रव्यं घालून पुन्हा पदार्थ उभा करायचा.

एवढं लक्षात ठेवायला नको असेल तर एक सोपी कसोटी आहे. पाकिटावरच्या घटकांपैकी किती जिन्नस तुमच्या घरात डब्यात भरून ठेवलेले सापडतील? पाकीटबंद पोहे, तूरडाळ, पिशवीतलं दूध, गोठवलेले मटार हेही कारखान्यातून आलेलेच, पण त्यांना घाबरायचं कारण नाही. ‘पाकीट दिसलं की वाईट’ असला सोवळेपणा कामाचा नाही आणि शहरात तो टिकतही नाही.

चौथ्या कप्प्यातल्या अन्नानं नेमकं होतं काय, याचा एक नेटका प्रयोग अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी केला. तो २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. २० निरोगी माणसांना महिनाभर तिथंच ठेवलं. दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं अन्न, दोन आठवडे साधं रांधलेलं. दोन्ही ताटांत वाढलेले उष्मांक, साखर, मीठ, स्निग्धांश, तंतू सारखे. हवं तेवढं खा, नको ते ठेवा, एवढीच सूचना. तरीही अतिप्रक्रिया केलेलं अन्न असताना माणसं दिवसाला सुमारे ५०० उष्मांक जास्त खात होती. दोन आठवड्यांत सरासरी वजन जवळपास किलोभर वाढलं आणि साध्या अन्नावर तेवढंच उतरलं. ते अन्न मऊ असतं, चावायला लागत नाही, भराभर पोटात जातं, आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचेपर्यंत ताट रिकामं झालेलं असतं, हे त्यामागचं एक कारण असावं. प्रयोग लहान होता, हे खरं. पण ‘मन मारता येत नाही, म्हणून वजन वाढतं’ असं स्वतःला दूषण देणाऱ्यांनी तो जरूर लक्षात ठेवावा. या पदार्थांची घडणच जास्त खाल्लं जाईल अशी असते.

आपल्याकडचे आकडे पुरेसे बोलके आहेत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचा अंदाज १० कोटी १० लाख मधुमेही आणि आणखी १३ कोटी ६० लाख मधुमेहाच्या उंबरठ्यावर. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं मे २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. देशातल्या एकूण रोगभारापैकी ५६.४ टक्के भार चुकीच्या आहाराशी जोडलेला आहे, असं त्यात म्हटलं आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) जवळपास चारांतली एक स्त्री जादा वजनाची, आणि त्याच पाहणीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रिया रक्तक्षय असलेल्या. पोट भरतं, पण रक्त भरत नाही. मैदा, साखर आणि पाम तेल यांच्यात लोह शोधायला गेलं तर मिळायचं कुठून?

पाकीट उलटं धरा

आता एक साधं, गोलसर, ‘हलकं’ म्हणून डॉक्टरांच्या वेटिंगरूममध्येही खाल्लं जाणारं चहाचं बिस्किट घ्या. पुडा उलटा करा. समोरच्या बाजूवर गव्हाची लोंबी आणि हसरं कुटुंब असतं. आपल्याला हवी आहेत ती मागची बारीक अक्षरं. चष्मा लावा, नाहीतर मोबाइलनं फोटो काढून मोठा करा.

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमानं छापायची असा नियम आहे. म्हणजे जे सर्वांत जास्त ते पहिलं. बहुतेक पुड्यांवर पहिलं नाव ‘रिफाइन्ड व्हीट फ्लोअर’, म्हणजे आपला मैदा. मग साखर. मग ‘रिफाइन्ड पाम ऑइल’ किंवा ‘पामोलीन’. मग ‘इन्व्हर्ट सिरप’, म्हणजे पुन्हा साखरच. बिस्किट म्हणून जे हातात आहे ते मुख्यत्वे या तीन-चार गोष्टींचं आहे. बाकी खमीर, मीठ, वास, जीवनसत्त्वं चिमूटभर.

मग पोषणाचा तक्ता. तिथं दर १०० ग्रॅमचा आकडा बघा. ‘एका सर्व्हिंगला’ लिहिलेला आकडा बघू नका, कारण ते सर्व्हिंग किती हे कंपनीच ठरवते आणि ते नेहमी कुठल्या तरी मिताहारी माणसाचं असतं. साध्या चहाच्या बिस्किटात १०० ग्रॅमला २० ते २५ ग्रॅम साखर सर्रास आढळते. समजा सकाळी चार, संध्याकाळी चार बिस्किटं खाल्ली. ती झाली साधारण ४० ग्रॅम, म्हणजे आठ-दहा ग्रॅम साखर. बरोबरच्या दोन कप चहात दोन-दोन चमचे, म्हणजे आणखी सोळा ते वीस. जागतिक आरोग्य संघटना वरून घातलेली साखर दिवसाला ५० ग्रॅमच्या आत, शक्यतो २५ ग्रॅमपर्यंत ठेवा म्हणते. शिरा, श्रीखंड, आइस्क्रीम काहीही न खाता, ‘मी गोड खातच नाही’ म्हणणारा माणूस त्या २५ ग्रॅमच्या पलीकडे गेला. महिन्याला हीच बिस्किटं सव्वा किलोच्या आसपास भरतात, एका माणसाची.

कोल्ड्रिंकचा हिशेब याहून सोपा आहे: १०० मिलिलिटरला १० ते ११ ग्रॅम साखर, ३०० मिलिलिटरच्या ग्लासात सात-आठ चमचे. एवढी साखर कुणी चहात घातली तर तो कप आपण परत पाठवू.

साखरेला यादीत टोपणनावं बरीच असतात. लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, माल्टोडेक्स्ट्रिन, कॉर्न सिरप, फळाचा ‘कॉन्सन्ट्रेट’ ही सगळी एका घराण्यातली किंवा जवळच्या नात्यातली. यादीत यातली दोन-तीन नावं विखुरलेली दिसली तर त्यांची बेरीज मनात करा. वेगवेगळी लिहिल्यामुळे प्रत्येक नाव यादीत खाली गेलेलं असतं.

मिठासाठी ‘सोडियम’ शोधा. मिलिग्रॅममधला आकडा अडीचनं गुणला की मीठ निघतं. मोठ्या माणसाला दिवसाला सोडियम २००० मिलिग्रॅमपर्यंत, म्हणजे मीठ पाच ग्रॅम, लहान चमचाभर. नूडल्सच्या ७० ग्रॅमच्या पुडीत मसाल्यासकट साधारण ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून अधिक सोडियम असतं. एका वाडग्यात दिवसाच्या मिठाचा जवळपास निम्मा वाटा संपला. घरी नूडल्स बंद करणं जमत नसेल, आणि बऱ्याच घरांत ते जमत नाही, तर मसाल्याची अर्धीच पुडी घाला आणि कोबी, गाजर, मटार, अंडं असं काहीतरी भरपूर घाला. चव पहिल्या दोन वेळा कमी लागते, मग सवय होते. रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांनी हे पापड-लोणच्यांनाही लावावं. ‘घरचं लोणचं’ म्हटल्यानं त्यातलं मीठ कमी होत नाही. आणि ‘लो सोडियम’ मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा विकार असेल किंवा रक्तदाबाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते आणू नका.

यादीत ‘आयएनएस’ आणि पुढे आकडे, म्हणजे मिसळलेल्या द्रव्यांचे क्रमांक, दिसले की काहींच्या पोटात गोळा येतो. एवढं घाबरायला नको. ३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, लिंबात असतं तेच. १०० म्हणजे हळदीतला रंग. आकडे एकदोन असतील तर सोडून द्या. ओळच्या ओळ भरली असेल, त्यात रंग, कृत्रिम वास आणि चव वाढवणारी द्रव्यं एकत्र असतील, तर तो पदार्थ चौथ्या कप्प्यातला आहे एवढं त्यावरून कळतं.

समोरच्या बाजूवरच्या दाव्यांबद्दल थोडक्यात. ज्या घटकाचा डंका वाजवला आहे त्याचं प्रमाण यादीत टक्क्यांत द्यावं लागतं. २०२३ हे भरडधान्य वर्ष साजरं झालं तेव्हापासून नाचणीची बिस्किटं आणि ज्वारीचे कुरकुरे दुकानात रांग लावून उभे आहेत. कंसातला टक्का बघा. नाचणी एक आकडी आणि मैदा पहिला असेल तर पैसे तुम्ही चित्राचे देता आहात. ‘ब्राउन’ ब्रेडचा रंग कित्येकदा कॅरॅमलचा असतो, गव्हाच्या कोंड्याचा नाही. ज्यूसच्या खोक्यांवरचा ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा काढा, असा आदेश प्राधिकरणानं जून २०२४ मध्ये दिला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये केंद्र सरकारनं ऑनलाइन दुकानांना कळवलं की दुधात घालायच्या पावडरी ‘हेल्थ ड्रिंक’ या सदरात दाखवू नका, कारण कायद्यात असं सदरच नाही. चिली या देशात २०१६ पासून जास्त साखर, मीठ वा चरबी असलेल्या पाकिटावर समोरच काळा अष्टकोनी शिक्का मारावा लागतो. लहान मुलालाही कळतो. आपल्याकडे २०२२ मध्ये त्याऐवजी तारे देण्याचा मसुदा आला आणि वादात अडकला. चिप्सला दीड तारा दिला तरी तो तारा म्हणजे बक्षीसच वाटणार, हा त्यावरचा आक्षेप मला पटतो.

पुडा संपल्यावर

आता हाच बिस्किटाचा पुडा पर्यावरणाच्या बाजूनं पाहू. त्यातले मुख्य घटक कुठून तरी येतात.

पाम तेलाच्या आयातीत भारत जगात पहिला. ते प्रामुख्यानं इंडोनेशिया आणि मलेशियातून येतं. सुमात्रा आणि बोर्निओ बेटांवर त्यासाठी वर्षावनं तोडली गेली, दलदलीच्या जमिनी सुकवून जाळल्या गेल्या. २०१५ च्या वणव्यांचा धूर सिंगापूर-मलेशियापर्यंत पसरला होता. झाडाचा दोष नाही. हेक्टरी तेल देण्यात पामची बरोबरी दुसरं पीक करत नाही. प्रश्न ते कुठलं जंगल काढून लावलं याचा आहे. स्वस्त, घट्ट आणि न खवटणारं म्हणून ते बिस्किटापासून चिप्सपर्यंत सगळीकडे जातं. त्यातला निम्मा स्निग्धांश संपृक्त असतो, हे हृदयरोग असलेल्यांनी लक्षात घ्यावं.

साखर मात्र घरचीच. महाराष्ट्रात पिकाखालच्या जमिनीपैकी चार टक्क्यांच्या आतल्या क्षेत्रावर ऊस असतो आणि सिंचनाच्या पाण्यापैकी सुमारे ७० टक्के पाणी तो पितो, हे केंद्राच्या कृषी खर्च आणि मूल्य आयोगानंच नोंदवलं आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पिण्याचं पाणी न्यावं लागलं, तेव्हाही मराठवाड्यात ऊस उभा होता. देशात खपणाऱ्या साखरेतली निम्म्याहून जास्त घरगुती डब्यात जात नाही. ती मिठाई, बिस्किटं आणि शीतपेयांच्या कारखान्यांत जाते. चहात एक चमचा कमी घालून आपण समाधानी होतो, पण खरा नळ तिकडे वाहतो आहे. याचा अर्थ ऊस लावणारा शेतकरी गुन्हेगार, असा मुळीच नाही. खरेदीची हमी असलेलं पीक तो लावणारच. ज्वारी-नाचणी-तुरीला गिऱ्हाईक वाढलं तर त्याचाही विचार बदलेल, आणि ते गिऱ्हाईक आपण आहोत.

उरलं वेष्टन. चिप्सची पिशवी फाडून आत बघा, चंदेरी अस्तर दिसेल. प्लॅस्टिकचे दोन-तीन थर आणि त्यावर ॲल्युमिनियमचा मुलामा एकत्र चिकटवलेला असतो. हवा आणि दमट वारा आत जाऊ नये म्हणून ही योजना, आणि त्या कामात ती चोख आहे. पण थर सुटे करता येत नाहीत, म्हणून पुनर्वापर जवळपास होत नाही. कचरावेचक बाई पाण्याची बाटली, पुठ्ठा, पत्रा उचलते. हे पाकीट सोडून ती तशीच पुढे जाते, कारण भंगारवाला त्याला भाव देत नाही. ते मग गटारात, ओढ्यात किंवा डंपिंग ग्राउंडवर जातं, किंवा जाळलं जातं. मुंबईतलं देवनारचं डंपिंग ग्राउंड १९२७ पासूनचं आहे. २०१६ मध्ये ते पेटलं तेव्हा शहरातल्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या. महाराष्ट्रानं मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिकबंदी आणली, देशानं १ जुलै २०२२ पासून काही एकदाच वापरायच्या वस्तू बंद केल्या. त्यात स्ट्रॉ, चमचे, ताटल्या गेल्या. चिप्सचं पाकीट त्या यादीत नाही.

एक प्रयोग जरूर करा. स्वयंपाकघरात एक पिशवी अडकवा आणि महिनाभर घरातलं प्रत्येक पाकीट, पुडी, सॅशे त्यात टाका. महिनाअखेर ती जमिनीवर ओता आणि घरातल्या सगळ्यांना बोलवा. भाषण द्यायची गरज पडत नाही. काय कमी करायचं ते त्या ढिगातूनच ठरतं, आणि बहुधा सर्वांत मोठा ढीग बिस्किटांचा किंवा पाच-दहा रुपयांच्या पुड्यांचा निघतो.

त्याजागी काय, आणि कोण करणार

‘घरचं खा’ हा सल्ला फुकट असतो, आणि तो बहुतेक वेळा न रांधणाराच देतो. नोकरी करून सातला घरी आलेल्या बाईनं नूडल्सची पुडी फोडली तर ती आळशी नव्हे. तिच्याकडे वेळ नाही आणि घरातले इतर हात खिशात आहेत. म्हणून पर्याय सांगताना दोन अटी घालते: पंधरा मिनिटांपेक्षा जास्त लागू नयेत आणि घरातल्या कुणालाही जमावेत, अगदी बारा वर्षांच्या मुलालाही.

उरलेल्या पोळ्यांचा कुस्करा करून फोडणीला टाकायला नूडल्सपेक्षा जास्त वेळ लागत नाही. दडपे पोह्यांना तर गॅसही लागत नाही, फोडणी सोडून. भाजणी घरात असेल तर थालीपीठ, मूगडाळीचं पीठ असेल तर धिरडं. चुरमुऱ्यांचं भडंग रविवारी एकदा केलं की आठवडाभर डब्यात राहतं. चहाबरोबर काहीतरी हवंच असेल तर फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, ज्वारीच्या लाह्या, राजगिऱ्याची वडी; यांचे डबे बिस्किटांच्या डब्याच्या जागी, हाताला येतील असे ठेवा. जे समोर असतं ते खाल्लं जातं, हे माणसाचं खरं आहे, मुलांचं तर फारच खरं. सॉसच्या बाटलीऐवजी शेंगदाण्याची किंवा जवसाची कोरडी चटणी ठेवली तर मीठ-साखर दोन्ही वाचतात.

भाजणी, मेतकूट, नाचणीचं सत्त्व करायला वेळ नसेल तर विकत घ्या, त्यात कमीपणा नाही. महिला बचत गटांच्या स्टॉलवर ही पिठं चांगली मिळतात, यादी तीन-चार जिन्नसांची असते आणि पैसा गावातच राहतो. एकट्यादुकट्यानं राहणाऱ्या विद्यार्थ्यांना माझा सल्ला पोळी-भाजी केंद्राचा. पुण्या-मुंबईत, नाशकात, ठाण्यात गल्लोगल्ली अशी केंद्रं आहेत. दोन पोळ्या आणि एक भाजी बर्गरपेक्षा स्वस्त पडते आणि आपला डबा नेला तर कचराही शून्य. मेसच्या डब्याला नावं ठेवण्याची आपली जुनी परंपरा आहे. ती चालू ठेवा, पण डबा सोडू नका.

तळण घरचं म्हणून निर्धोक, असं मात्र समजू नका. चकली, शेव, शंकरपाळे वर्षभर डब्यात असतील तर तो कप्पाही रिकामा करण्यासारखाच आहे. दिवाळीला दिवाळीची मजा राहू द्या. तळून उरलेलं तेल गाळून एक-दोन दिवसांत भाजी-आमटीच्या फोडणीत संपवा, पुन्हा तळणीला वापरू नका. आणि सिंकमध्ये ओतू नका, पाइपात ते थिजून बसतं. हॉटेलांचं वापरलेलं तेल गोळा करून बायोडिझेल करण्याची योजना देशात चालू आहे. तुमच्या ओळखीचं खानावळ-हॉटेल असेल तर त्यांना याची चौकशी करायला सांगा.

ऑनलाइन मागवताना चमचे, टिश्यू आणि सॉसच्या पुड्या नकोत, हा पर्याय निवडा. कोरड्या पदार्थांना डबे कमी लागतात. आणि भूक लागल्यावर ॲप उघडू नका. उघडलंत तर एकाऐवजी तीन पदार्थ मागवाल, हे मी पैजेवर सांगते.

मुलांच्या बाबतीत बंदी फार काळ टिकत नाही. शिव्या घातलेला पदार्थ शेजारच्या घरी जाऊन दुप्पट खाल्ला जातो. वार ठरवून द्या: शनिवारी हवं ते, बाकी दिवस घरचं. मुलांना पाकीट उलटं धरायला शिकवा; साखरेचे चमचे मोजण्याचा खेळ त्यांना आवडतो आणि मग तीच आजोबांचा बिस्किटाचा पुडा तपासायला लागतात. मधुमेह, रक्तदाब, मूत्रपिंड यांचा आजार घरात कुणाला असेल तर आहाराचा बदल आहारतज्ज्ञांना विचारूनच करा. वरचे सगळे आकडे निरोगी माणसासाठी आहेत.

एक काम मात्र घराबाहेरचं आहे. महाराष्ट्र सरकारनं मे २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांत चिप्स, नूडल्स, शीतपेयं, बर्गर-पिझ्झा विकायला मनाई केली. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनुसार शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखर असलेले पदार्थ विकता किंवा त्यांची जाहिरात करता येत नाही. पुढच्या पालकसभेला जाताना फाटकाबाहेरची दुकानं आणि आतलं कँटीन एकदा नीट बघा, आणि ‘इतर विषय’ आला की हा नियम मुख्याध्यापकांना विचारा.